मालकाचा भाडेकरू झाला : मॅनॉरकेअरचं प्रकरण

हॉस्पिटल व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण घेतलं की मी आधी फळ्यावर 'नर्सिंग होम' असं लिहितो आणि लगेच त्यावर काट मारतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टर नवरा-बायकोचं छोटं हॉस्पिटल. खाली ओपीडी, वर पंधरा-वीस खाटा. बाळंतपणं, अपेंडिक्स, हर्निया. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये यातलं काहीच होत नाही. तिथे माणूस हॉस्पिटलमधून सुटल्यानंतर जातो.

ऐंशीच्या घरातल्या आजी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी हॉस्पिटल म्हणतं, घरी न्या. पुण्यात किंवा ठाण्यात असाल तर यापुढची धावपळ तुम्हाला पाठ असेल. भाड्याची कॉट, कमोडची खुर्ची, ब्युरोतून आलेली मावशी, आणि तासाभरासाठी घरी येणारा फिजिओ. अमेरिकेत याच टप्प्यावर आजींना ॲम्ब्युलन्समधून 'स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी'त नेतात. काही जण तीन आठवड्यांत वॉकर धरून घरी जातात. काहींचा मुक्काम शेवटपर्यंत तिथेच असतो. हे दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच छताखाली, कधी एकाच खोलीत असतात, पण त्यांचे पैसे वेगवेगळ्या खिशांतून येतात. सगळं प्रकरण या फरकाभोवती फिरतं.

आधी किमान तीन दिवस हॉस्पिटलात भरती राहिलेल्या ज्येष्ठाचा खर्च मेडिकेअर ही केंद्राची योजना उचलते. पहिले २० दिवस पूर्ण, पुढे १०० व्या दिवसापर्यंत रुग्णाचा काही वाटा धरून. त्यानंतर स्वतःची पुंजी. ती संपली की गरिबांसाठीची मेडिकेड. मेडिकेडचा रोजचा दर मेडिकेअरपेक्षा बराच कमी असतो. धंद्यातले लोक हे हिशोबाच्या एका ओळीत सांगतात : मेडिकेडने खाटा भरतात, मेडिकेअरने गल्ला.

आता कंपनी, म्हणजे मॅनॉरकेअर. ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरातली हेल्थ केअर अँड रिटायरमेंट कॉर्पोरेशन आणि मेरीलँडची मॅनॉर केअर १९९८ मध्ये एकत्र आल्या. मुख्यालय टोलीडोत राहिलं, प्रमुख झाले पॉल ऑर्मंड. दीर्घकालीन शुश्रूषा, पुनर्वसन, हॉस्पिटलनंतरची देखभाल, हॉस्पिस म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळी केंद्रं, असा सगळा पसारा. 'हार्टलँड' आणि 'मॅनॉरकेअर' या पाट्या तीस राज्यांत दिसायच्या. एक गोष्ट या कंपनीत इतर साखळ्यांपेक्षा वेगळी होती. बहुतेक इमारती तिच्या स्वतःच्या मालकीच्या होत्या.

गुंतवणूकदाराला अशी कंपनी दिसली की त्याला खाटा दिसत नाहीत, प्लॉट दिसतात.

२००७ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या कार्लाइल ग्रुपने, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या विकत घेणाऱ्या एका प्रायव्हेट इक्विटी फर्मने, ती सुमारे ६.३ अब्ज डॉलरना विकत घेतली. कामगार संघटनेने कडाडून विरोध केला, काही राज्यांत चौकशा झाल्या, सौदा थांबला नाही. कार्लाइलच्या फंडाने घातले सुमारे १.३ अब्ज, बाकी बहुतेक कर्ज. प्रायव्हेट इक्विटीच्या व्यवहारात असं कर्ज विकत घेणाऱ्याच्या नाही, विकल्या गेलेल्या कंपनीच्या डोक्यावर बसतं, हे वर्गात दरवेळी दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा सांगितलं की मुलांना वाटतं सरांची जीभ घसरली.

तीन वर्षांनी, २०१० च्या डिसेंबरात, पुढची चाल झाली. सव्वातीनशेहून अधिक इमारती जमिनीसकट एचसीपी या कॅलिफोर्नियातल्या रीटला, म्हणजे मालमत्ता घेऊन भाड्यावर चालणाऱ्या ट्रस्टला, ६.१ अब्ज डॉलरना विकायचं ठरलं. एप्रिल २०११ मध्ये व्यवहार पुरा झाला. आलेल्या पैशातून कर्ज फिटलं आणि कार्लाइलच्या गुंतवणूकदारांनी घातलेले १.३ अब्जही परत मिळाले. कंपनी मात्र कार्लाइलकडेच राहिली, आता जवळपास बिनइमारतींची. जिथे काल मालक होती तिथेच आज भाडेकरू.

पहिल्या वर्षाचं भाडं ४७.२५ कोटी डॉलर. दिवसाला भागून बघा, रोजचे जवळजवळ १३ लाख डॉलर होतात. पहिली पाच वर्षं त्यात दरसाल ३.५ टक्के वाढ. करार 'ट्रिपल नेट' पद्धतीचा होता : मालमत्ता कर, विमा आणि दुरुस्ती हे तिन्ही भाडेकरूकडे. छत गळलं तरी भाडेकरूने बघायचं. मुंबईत पागडीचा भाडेकरू मालकाला रडवतो असं ऐकत आपण मोठे झालो. इथे नेमकं उलटं.

भाडं दरवर्षी वाढणार हे कागदावर पक्कं होतं. उत्पन्न दरवर्षी वाढेल हे कोण पक्कं करणार? पैसे देणारं सरकार, आणि ते त्या करारात कुठेच नव्हतं. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो, लोभाबिभाच्या आधी.

त्यासाठी मिनिटांचा हिशोब समजून घ्यावा लागतो. पुनर्वसनासाठी आलेल्या रुग्णाचा मेडिकेअरचा दर तेव्हा आठवड्याला किती मिनिटं थेरपी दिली यावर ठरायचा. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी मिळून ४५ मिनिटं झाली तर सगळ्यात खालचा गट, मग १५०, ३२५, ५००, आणि ७२० मिनिटांपासून पुढे 'अल्ट्रा हाय', म्हणजे सगळ्यात वरचा दर. पाच दिवसांत ७२० म्हणजे रोजची १४४ मिनिटं.

आता त्या आजींच्या खोलीत जाऊ. शुक्रवार दुपार, साडेतीन. थेरपिस्टच्या हातातल्या यंत्रावर या आठवड्याची ६९८ मिनिटं दिसताहेत. आजी सकाळी पॅरलल बारमध्ये दोन फेऱ्या चालून आल्या, जेवल्या, डोळा लागला. ६९८ आणि ७२० यांत आजींच्या खुब्याच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही, बिलाच्या दृष्टीने मात्र पायरी बदलते. थेरपिस्ट त्यांना उठवते, खुर्चीत बसवते, हातात रबरी पट्टा देते. बावीस मिनिटं. तिने काही खोटं केलेलं नाही. थेरपी दिली, नोंद केली. ती गरजेची होती का, हे विचारणारा रकाना त्या यंत्रात नाही. महाराष्ट्रातल्या फिजिओथेरपी कॉलेजांतून अमेरिकेत गेलेली अनेक मुलं-मुली अशाच केंद्रांत नोकरी करतात. त्यांच्यापैकी कुणालाही 'मिनिट्स' म्हणून बघा, पुढचा अर्धा तास तुमचा.

अमेरिकेच्या न्याय विभागाने एप्रिल २०१५ मध्ये मॅनॉरकेअरविरुद्धच्या दाव्यांत उडी घेतली ती यावरूनच. आरोप असा की २००६ मध्ये पुनर्वसनाच्या दिवसांपैकी ३९ टक्के दिवस 'अल्ट्रा हाय'चे होते, २००९ अखेर ते ८० टक्क्यांच्या आसपास गेले. रुग्ण तेवढे बदललेले नसताना. कंपनीने आरोप फेटाळले. खटल्याचा शेवट मात्र मजेशीर म्हणावा असा झाला. सरकारी तज्ज्ञ साक्षीदाराची टिपणं सरकारी पक्षाने बचाव पक्षाला वेळेत दिलीच नव्हती. कोर्टाने ताशेरे ओढून ती साक्ष बाहेर काढली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने दावा मागे घेतला. म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही, आणि तो खोटा होता असंही कुणी म्हणालं नाही. प्रकरण लिहिताना विद्यार्थी इथे हमखास चुकतात. कुणी 'घोटाळा' असा मथळा देतो, कुणी 'निर्दोष'. दोन्ही कागदपत्रांत नाही.

पण मला तारखांकडे लक्ष वेधायचंय. ऑक्टोबर २०१० मध्ये मेडिकेअरने दर ठरवायची नवी रचना लागू केली. ती लागू करताना सरकारचा अंदाज चुकला. केंद्रं जेवढी थेरपी दाखवतील असं धरलं होतं त्यापेक्षा जास्त दाखवली गेली आणि सरकारचे पैसे भलतेच जास्त जाऊ लागले. म्हणजे केंद्रांसाठी ती सुगीची वर्षअखेर. एचसीपीचा सौदा जाहीर झाला तो यानंतर दोनच महिन्यांनी. भाडं लागू झालं एप्रिल २०११ पासून. जुलैअखेर सरकारने चूक दुरुस्त करायचं जाहीर केलं आणि १ ऑक्टोबर २०११ पासून या केंद्रांचे मेडिकेअर दर एका फटक्यात ११.१ टक्क्यांनी खाली आले. शिवाय चार रुग्णांना एकत्र बसवून दिलेल्या थेरपीची मिनिटं यापुढे प्रत्येकाच्या नावावर पूर्ण न धरता वाटून धरायची, असाही नियम आला. भाडेकराराला तेव्हा सहा महिने झाले होते. पुढच्या एप्रिलला त्यावर ३.५ टक्के वाढ चढलीच.

दर कमी होईल हे कुणाला कसं कळणार, असा बचाव कार्लाइलने पुढे केला, आणि तो पूर्ण पोकळ नाही. पण ज्या धंद्यात मुख्य गिऱ्हाईक सरकार आहे आणि सरकार दरवर्षी दर नव्याने जाहीर करतं, तिथे वाढत्या भाड्याचा लांब मुदतीचा करार करताना हा धोका मोजायचा नाही तर काय मोजायचं? शेतकरीसुद्धा पाऊस धरून खंड ठरवतो.

त्याच वर्षी इशारा देणारी घटना अटलांटिकपलीकडे घडत होती. ब्रिटनमधली सदर्न क्रॉस ही साडेसातशे केंद्रं आणि सुमारे ३१,००० वृद्ध सांभाळणारी कंपनी २०११ च्या उन्हाळ्यात कोसळली. तिच्याही इमारती विकून भाड्याने घेतलेल्या, भाडं चढतं, आणि वृद्धांचे पैसे भरणाऱ्या नगरपालिका हात आखडता घेत होत्या. अमेरिकेत मात्र त्याच एप्रिलमध्ये जेनेसिस हेल्थकेअर या दुसऱ्या मोठ्या साखळीनेही आपल्या इमारती हेल्थ केअर रीट नावाच्या ट्रस्टला २.४ अब्ज डॉलरना विकल्या. हा ट्रस्ट टोलीडोतलाच. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येतो.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांत नवं काही घडत नाही, फक्त फास आवळतो. २०१३ मध्ये मेडिकेअरवर आणखी दोन टक्क्यांची कात्री. खासगी विमा कंपन्यांमार्फत मेडिकेअर घेणारे ज्येष्ठ वाढले आणि त्या कंपन्या रुग्णाला लवकर घरी पाठवायला सांगू लागल्या. खुबा-गुडघ्याचे रुग्ण थेट घरी जाऊ लागले. खाटा रिकाम्या पडल्या. मार्च २०१५ मध्ये कंपनीला भाडं झेपत नव्हतं, आणि पुढच्याच महिन्यापासून ते वर्षाला ५४ कोटी डॉलरच्या वर जाणार होतं. तेव्हा एचसीपीने ते ६.८ कोटींनी कमी केलं. किती झालं? ४७.३ कोटी. जिथून सुरुवात झाली जवळपास त्याच आकड्यावर. माफी मात्र नव्हती. बदल्यात कंपनीने आपल्याकडच्या काही इमारती एचसीपीला दिल्या, आणि ५२.५ कोटी डॉलरची 'पुढे देय' उधारी कंपनीच्या नावावर लिहिली गेली.

एवढ्यानेही भागलं नाही. भाडेकरूच बुडत असेल तर मालकाच्या शेअरचं काय होणार, हे बाजाराला कळायला वेळ लागत नाही. एचसीपीने ऑक्टोबर २०१६ मध्ये या सगळ्या इमारती 'क्वालिटी केअर प्रॉपर्टीज' नावाच्या वेगळ्या कंपनीत टाकून स्वतःला मोकळं करून घेतलं. वर्षानुवर्षं न चुकता लाभांश वाढवणाऱ्या कंपन्यांच्या मानाच्या यादीत एचसीपी होती; त्यानंतर तिला लाभांश कमी करावा लागला. म्हणजे आपले पैसे काढून घेतलेला एक, कार्लाइल, आणि अडकलेले दोन : मालक आणि भाडेकरू. विद्यार्थ्यांना एचसीपी खलनायक वाटते. मला ती चढ्या भावात फ्लॅट घेऊन बसलेल्या माणसासारखी वाटते.

२०१७ मध्ये भाडं पूर्ण येईना. ऑगस्टमध्ये नव्या मालकाने कोर्टात जाऊन रिसीव्हर, म्हणजे कोर्टाचा कारभारी, नेमायची मागणी केली. सप्टेंबरात ऑर्मंड पायउतार झाले. करारानुसार त्यांचं साठत आलेलं वेतन १० कोटी डॉलरच्या वर होतं. मार्च २०१८ मध्ये डेलावेअरच्या कोर्टात चॅप्टर ११ खाली, म्हणजे कंपनी चालू ठेवून देणी नव्याने ठरवण्याच्या कलमाखाली, दिवाळखोरीचा अर्ज. देणी सुमारे ७.१ अब्ज डॉलर. कंपनी ज्या किमतीला विकली गेली होती त्यापेक्षाही जास्त.

आणि खाटेवरची माणसं? वॉशिंग्टन पोस्टने नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारी तपासण्यांच्या नोंदी तपासून लिहिलं की २०१३ ते २०१७ या काळात या साखळीत दरवर्षी सापडणाऱ्या आरोग्य नियमांच्या उल्लंघनांची संख्या २६ टक्क्यांनी वाढली. त्यांत बेडसोर न टाळणं, औषधांच्या चुका, जेवू न घालणं, स्वच्छता न ठेवणं. कार्लाइल आणि कंपनी दोघांनी हे अमान्य केलं : काळजीचा दर्जा चांगला होता, घात केला तो मेडिकेअरच्या कपातीने.

भाड्यामुळे बेडसोर झाले असं मी म्हणणार नाही, तेवढा सरळ धागा कागदावर दाखवता येत नाही. पण बेडसोर कसा टळतो ते बघा. ज्याला स्वतःहून कुशीवर वळता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कुणीतरी वळवावं लागतं. रात्री अकराला, एकला, तीनला, पाचला. यंत्राने ते होत नाही. दोन हात लागतात, वजनदार माणूस असेल तर चार. रात्रपाळीला एका मदतनीस बाईकडे किती खोल्या, यावर तीनची फेरी होते की पाचलाच पहिली, हे ठरतं. आता खर्चाच्या यादीकडे या. भाडं हलत नाही. कर, विमा, दुरुस्ती हलत नाही. औषधं आणि जेवण थोडंफार. हलतो तो पगार. भाडेकरारात महिन्याचा आकडा लिहिलेला होता. रात्रपाळीला किती बायका हव्यात याबद्दल अमेरिकी केंद्रीय कायद्यात तेव्हा फक्त 'पुरेसा कर्मचारीवर्ग' एवढंच होतं. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला विशेषण असलं की कोण हरणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पुढे २०२४ मध्ये सरकारने प्रत्येक रहिवाशामागे रोज ३.४८ तासांच्या शुश्रूषेचा नियम केला. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला.

एका साखळीवरून सगळ्या धंद्याबद्दल बोलू नये हे खरंच. पण २०२१ मध्ये काही अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी प्रायव्हेट इक्विटीकडे गेलेल्या नर्सिंग होमचा अभ्यास मांडला. त्यात अल्प मुक्कामाच्या मेडिकेअर रुग्णांमध्ये ९० दिवसांतले मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी वाढलेले दिसले. म्हणजे त्या आजींसारखेच रुग्ण, वॉकर धरून घरी जायची आशा असलेले.

दिवाळखोरीनंतर काय, हा भाग अभ्यासक्रमात सहसा गाळतात. २०१८ च्या जुलैत टोलीडोतल्याच प्रोमेडिका या ना-नफा हॉस्पिटल संस्थेने मॅनॉरकेअर चालवायला घेतली आणि इमारतींत तिची भागीदार झाली वेलटॉवर. ही वेलटॉवर म्हणजे तीच मघाची हेल्थ केअर रीट, २०१५ मध्ये नाव बदललेली. टोलीडोत आनंदीआनंद होता. गावची कंपनी गावच्या संस्थेने वाचवली, नफ्याची भानगड गेली. मला स्वतःलाही तेव्हा वाटलं होतं की आता बरं होईल. पण मालक बदलला तरी दर तोच, खाटा त्याच आणि कामाला माणसं मिळेनात. २०२० मध्ये कोव्हिड आला. नर्सिंग होममध्ये त्याने काय केलं ते सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रोमेडिकाने १४७ केंद्रांतला आपला हिस्सा सोडून दिला. वेलटॉवरने ती केंद्रं इंटेग्रा नावाच्या कंपनीला भाड्याने दिली, आणि तिच्याकडून ती वेगवेगळ्या प्रदेशांतल्या चालकांकडे भाड्याने गेली.

२०१९ च्या ऑक्टोबरपासून मिनिटं मोजून पैसे देणं मेडिकेअरने बंद केलं, आता रुग्णाच्या स्थितीवरून दर ठरतो. बदल होताच अनेक साखळ्यांनी थेरपिस्ट कमी केले. आजींना शुक्रवारी साडेतीनला आता कुणी उठवत नाही. कधी कधी सकाळीही.

जुलै २०२५ मध्ये जेनेसिसने टेक्सासमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, या सगळ्यात भाडं शेवटी भरलं कुणी?" मी फळ्यावरच्या चौकोनांमधून बाण काढत मागे मागे गेलो. ट्रस्टकडून कंपनीकडे, कंपनीकडून मेडिकेअर आणि मेडिकेडकडे, तिथून पगारातून कापल्या जाणाऱ्या कराकडे, आणि एक छोटा बाण त्या आजींच्या बचत खात्याकडे. ते संपलं की मेडिकेड सुरू होतं ना, असं तिने मध्येच म्हटलं आणि तो बाण स्वतःच पुसला.